दहा किलोला तीस ग्रॅम

बाळाराम भोईर यांच्याबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. मी त्यांना अडीच वर्षं ओळखत होतो, आणि तेही बहुतेक वेळ दुकानाच्या काउंटरच्या अलीकडे उभा राहून. त्यांच्या दहाव्याला राई गावात गेलो तेव्हा कळलं की तरुणपणी ते लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे आणि त्यांच्या हाताखाली पाच-सहा जण शिकले होते. मी त्यांच्या तोंडून साधी शीळही कधी ऐकली नव्हती. त्यांना भावंडं किती, हे मला अजूनही नीट सांगता येणार नाही.

तरी लिहितोय, कारण त्यांच्या सुनेने, कृतिकाने, सांगितलं. "काका, तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्हीच लिहा." अक्षर चांगलं असणं वेगळं आणि लिहिता येणं वेगळं, असं मी तिला म्हणालो. मी चौतीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीत बसून केसपेपर लिहिले. नाव, वय, पत्ता, तक्रार. त्यापुढचं डॉक्टर लिहायचे. ती म्हणाली, "मग तेवढंच लिहा."

नाव बाळाराम. वय एकाहत्तर. पत्ता राई, खाडीच्या बाजूला. तक्रार बुरशीची.

त्यांच्या वडिलांचं मिठागर होतं. ते गेलं, भातशेतीही गेली, आणि बाळाराम भाईंदर पूर्वेच्या एका ब्रेडच्या कारखान्यात लागले. तिथे बत्तीस वर्षं त्यांनी पीठ मळण्याच्या मशीनपाशी काढली. मैदा, यीस्ट, मीठ, साखर आणि 'पावडर' मोजून मशीनमध्ये घालायची, हे त्यांचं काम. पावडर म्हणजे कॅल्शियम प्रोपिओनेट. पावाला बुरशी लागू नये म्हणून घालतात ते. हे नाव ते न अडखळता घ्यायचे, एरवी 'हॉस्पिटल'ला 'हास्पिटल' म्हणणारा माणूस.

कृतिका बी.कॉम. झालेली. नोकरी सोडून तिने आमच्या शांती नगरात, आमच्या बिल्डिंगपासून दोन बिल्डिंगी पुढे, एक गाळा भाड्याने घेतला आणि दसऱ्याला गव्हाच्या पावाचं दुकान काढलं. मागे भट्टी, पुढे काउंटर. रोज पहाटे ती राईहून स्कूटरवर यायची, मागे सासरे. बाळाराम हेल्मेट घालायचे आणि दुकानात आल्यावरही बराच वेळ काढायचे नाहीत. हेल्मेट घालून पीठ मळणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

माझी ओळख लेबलांमुळे झाली. पाकिटावर परवान्याचा नंबर वगैरे छापील असायचं, पण खालच्या मोकळ्या जागेत तारीख आणि एक ओळ हाताने लिहिलेली असावी, असं कृतिकाचं मत. घरगुती वाटतं म्हणे. तिने मला एकदा दुकानात यादी लिहिताना पाहिलं आणि काम माझ्या गळ्यात टाकलं. ओळ अशी होती: 'प्रिझर्व्हेटिव्ह नाही.' तिचा सगळा धंदा त्या ओळीवर उभा होता. तसल्या पावाला आमच्याकडे खूप मागणी. लहान मुलं असलेल्या आया, शुगरवाले म्हातारे, सगळे तेवढ्यासाठी तिच्याकडे यायचे. मी रोज दुपारी जेवण झालं की चाळीस-पन्नास लेबलं लिहायचो. निवृत्त झाल्यावर माझ्या अक्षराला पहिल्यांदाच कोणी विचारलं होतं, त्यामुळे मी जरा जास्तच वळणदार लिहायचो.

पहिले दहा महिने झकास गेले. पुढच्या ऑगस्टमध्ये मी आणि माझी बायको आशा पुतणीच्या मुलाच्या बारशाला रत्नागिरीला गेलो. जाताना एक पाव ओट्यावरच राहिला. सहा दिवसांनी परत येऊन दार उघडलं तर घरभर कुबट वास. माझ्या चामडी पट्ट्याला बुरशी, चपलांना बुरशी, देव्हाऱ्यामागच्या भिंतीला बुरशी, आशाच्या पापडांच्या डब्यातही पांढरी लव. आणि ओट्यावर तो पाव, जसाच्या तसा, एक ठिपका नाही.

मला इतका आनंद झाला की मी चहाही न घेता तो पाव उचलून दुकानात गेलो. मी चार माणसांत सहसा बोलत नाही. त्या दिवशी बोललो. दुकानात आमच्या वरच्या मजल्यावरच्या मिनलबेन होत्या, आणखी दोघी होत्या. मी पाव काउंटरवर ठेवला आणि जरा मोठ्यानेच म्हणालो, "बघा! सहा दिवस झाले. घरातल्या सगळ्या वस्तूंना बुरशी लागली, पण या पावाला काही नाही. याला म्हणतात हातगुण!"

मिनलबेन म्हणाल्या, "अरे वाह! छे दिवस? तो मेरे को दो पॅकेट जास्ती दे दो, बेटा."

कृतिकाने पाव हातात घेतला, उलटा केला, लेबल वाचलं. माझ्याच अक्षरातलं.

"काका, फ्रीजमध्ये होता ना?"

"नाही गं, ओट्यावर."

"सहा दिवस?"

"सहा पूर्ण."

बाळाराम मागे भट्टीजवळ उभे होते. ते वर पंख्याकडे बघायला लागले. पंखा बंद होता.

माझ्या डोक्यात तेव्हाही काही प्रकाश पडला नाही. कृतिका म्हणाली, "मिनलबेन, आज पाव नही है. सॉरी," आणि समोर पावांची चळत असताना तिने अर्धं शटर खाली ओढलं. बायका वाकून बाहेर गेल्या. मीही निघालो तर म्हणाली, "काका, तुम्ही थांबा."

मग ती सासऱ्यांकडे वळली. "पप्पा, कधीपासून?"

"काय कवापासून?"

"पप्पा."

"जून लागला तवापासून," बाळाराम म्हणाले. "दहा किलोला तीस ग्रॅम. परवानगीपेक्षा कमीच हाय. जास्त पडली तं पीठ फुगत न्हाय, आंबूस वास येतो. तुला वास आला काय कवा?"

"मी प्रमाण विचारत नाहीये!"

"इष न्हाय ते."

"विष नाही ते मलाही माहितीय. पण पाकिटावर लिहिलंय 'नाही', आणि आत आहे. दोनशे घरांत मी खोटं विकतेय, तीन महिने. आणि मलाच माहीत नाही."

बाळारामांनी माझ्याकडे बोट केलं. "लेबल तं ह्यांनी लिवलंय."

कृतिकाला हसू आलं असावं, पण तिने ते दाबलं. मला मात्र जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मग त्यांनी सांगितलं. जूनमध्ये एक गिऱ्हाईक आलं होतं. कौतुकानेच म्हणालं की तुमच्या पावाला तिसऱ्या दिवशी हिरवा ठिपका आला, तेवढा कापून टाकला आणि बाकीचा आमच्या आजोबांना दुधात कुस्करून दिला, वाया नाही घालवला. बाळाराम त्या दिवशी जेवले नाहीत.

"आमची आय, शेवंती," ते म्हणाले, "तिची सात बदकं व्हती. खाडीवर जायाची, सांजेला लायनीत घरी यायाची. एकदा शेंगदान्याची पेंड भिजली, बुरशी आली. आयनं वरची बुरशी खरवडली, पेंड दोन दिस उन्हात टाकली. चांगली खडखडीत वालवली. वास गेला, रंग गेला. मंग बदकांना घातली. आठ दिसांत सातही गेली. आय म्हनली, कोनाची तरी नजर लागली. मना बी तसाच वाटला, पार कारखान्यात जाईपर्यंत."

कारखान्यात तपासणीच्या खोलीत मनोरमाबाई म्हणून होत्या. त्यांनी बाळारामांना समजावलं होतं. काही जातीच्या बुरश्या विष तयार करतात. शेंगदाण्यावरची, मक्यावरची तर फार वाईट. बुरशी उन्हाने मरते, भाजून मरते, पण तिने सोडलेलं विष तिथेच राहतं. आणि वर दिसतो तो ठिपका, त्याचे धागे आत पसरलेले असतात. कुठल्या ठिपक्यात विष आहे आणि कुठल्यात नाही, हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून ठिपका आलेला पाव सगळाच टाकायचा. आणि पावडर घालायची ती आधी, पीठ मळतानाच. ती बुरशीला उगवू देत नाही. एकदा विष तयार झालं की पावडरीच्या हातात काही नाही.

"मनोरमाबाय बोलायच्या, बाळाराम, ही राखनदार हाय, डाक्टर न्हाय."

"मग मला सांगायचं होतं," कृतिका म्हणाली.

"सांगितला असता तं तू न्हाय बोलली असतीस."

"हो, बोलले असते! माझं दुकान आहे!"

"म्हनून तं न्हाय सांगितला."

कृतिकाने पिठाने भरलेले हात धुतले, पुसले आणि शांतपणे म्हणाली, "आजपासून पिठाला हात लावायचा नाही, पप्पा. मला तुमच्यावर भरवसा ठेवता येईल तेव्हा बघू."

मी बदकांचा विचार करत घरी आलो. आशा उन्हात पापड पसरत होती. म्हणाली, "दोन उन्हं दाखवली की होतील पहिल्यासारखे." मी सगळे पापड गोळा केले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. आमच्या लग्नाला तेव्हा बेचाळीस वर्षं झाली होती. तिच्या पापडांना हात लावायची हिंमत मी पहिल्यांदाच केली. ती दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलली.

त्यानंतर मी दुकानात जायचं टाळलं. माझ्या तोंडामुळे हे सगळं झालं असं वाटायचं. लांबून बघायचो. दुकान उघडं असायचं, पण काउंटरवर नुसती खारी आणि टोस्ट, तेही बाहेरून आणलेले. बाळाराम दाराशी स्टुलावर बसलेले. हात मांडीवर उपडे ठेवलेले. बत्तीस अधिक एक वर्षं रोज पिठात असलेले हात कोरडे कसे दिसतात ते मी तेव्हा पाहिलं. हेल्मेट मात्र डोक्यावर तसंच.

पाचव्या दिवशी कृतिकाच आमच्या दारात आली. हातात वही. "काका, एक पत्र लिहायचंय. मी सांगते, तुम्ही लिहा. फोटो काढून गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाकते."

"टाईप कर ना," मी म्हणालो. "माझं अक्षर आता कोणाला बघवणार नाही."

"'नाही' तुम्ही लिहिलं होतं. 'आहे' पण तुम्हीच लिहा."

तिने सांगितलं तसं मी लिहिलं. जूनपासून आमच्या पावात कॅल्शियम प्रोपिओनेट होतं. पाकिटावर तसं लिहिलेलं नव्हतं. ते मर्यादेत होतं, पण न सांगता होतं, ही आमची चूक. यापुढे जे आत असेल तेच वर लिहिलेलं असेल. सासऱ्यांचं नाव तिने घातलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "दुकान माझं आहे ना?"

पत्र टाकल्यावर तिने फोन माझ्या टेबलावर उपडा ठेवला. बघायचं धाडस होत नव्हतं. आशाने चहा केला. मग आशानेच फोन उलटा केला आणि वाचायला लागली. काहींनी ग्रुप सोडला होता. एकीने लिहिलं होतं की हा विश्वासघात आहे. एकाने लिहिलं, खरं सांगितलंत, बरं वाटलं. आणि मिनलबेननी हिंदीत लिहिलं होतं, 'छे दिन वाला ब्रेड कब मिलेगा?'

कृतिका पोट धरून हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

त्या संध्याकाळी बाळारामांनी सुनेला एक गोष्ट सुचवली, अर्थात स्टुलावरूनच. दोन तऱ्हेचे पाव कर. एक पावडरवाला, एक बिनपावडरचा. दोन्हींवर खरं लिही. बिनपावडरचा दोन दिवसांत खा, नाहीतर फ्रीजरमध्ये ठेव, हेही लिही. आणि दोन्हींची एकेक चकती काचेच्या बरणीत बंद करून काउंटरवर मांड. लोकांना बघू दे.

"आणि बरण्या कोण सांभाळणार?" कृतिकाने विचारलं.

"बरन्या म्हंजे पीठ न्हाय," ते म्हणाले. "त्यांना हात लावला तं चालेल ना?"

त्या बरण्यांनी आमच्या शांती नगरात जत्रा भरवली. लोक सकाळी फिरून येताना डोकावून जायचे. मी बरण्यांवर तारखा लिहिल्या होत्या. बाळाराम दोन्ही बरण्यांच्या मध्ये स्टूल घेऊन बसायचे, देवळातल्या पुजाऱ्यासारखे. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशीही काही नाही. एक गृहस्थ म्हणाले, "काय हो, तुमची बुरशी संपावर गेली का?" बाळाराम म्हणाले, "ती बोलवून येत न्हाय, आनि आली का बोलून जात न्हाय."

चौथ्या दिवशी बिनपावडरच्या चकतीवर टाचणीच्या डोक्याएवढा हिरवा ठिपका आला. मिनलबेननी टाळी वाजवली. आशाही आली होती. ती बरणीला नाक लावून बघत राहिली आणि म्हणाली, "एवढासाच तर आहे. कापला की झालं."

"वैनी," बाळाराम म्हणाले, "तो वर आला म्हंजे खाली कवाच पसरलाय. बिऱ्हाड मांडून मंग दाराला पाटी लावतो तो."

कोणीतरी म्हणालं, "पण पावडर म्हणजे केमिकलच ना शेवटी?"

"आमचा बा मीठ पिकवायचा," बाळाराम म्हणाले. "सुकट, लोनचा, समदा त्याच्यावर टिकायचा. मीठ काय झाडाला लागतं? बाकी ज्याला नको त्याला नको. तो पाव बी हाय. फकस्त येलेवर खा."

सातव्या दिवसापर्यंत पहिल्या बरणीत हिरवं-काळं गवत झालं होतं. दुसरीतली चकती जराशी वाळली होती, एवढंच. आठव्या दिवशी तिलाही कडेला एक ठिपका आला. मला वाटलं, बाळारामांना वाईट वाटेल. ते मात्र सगळ्यांना बोलावून दाखवायला लागले. "बघा, राखनदाराला बी झोप लागते. म्हनून तारीख वाचायची!"

कृतिका मागे उभी राहून हे सगळं ऐकत होती. मी तिथेच होतो म्हणून पाहिलं. तिने फळीवरचा छोटा वजनकाटा काढला, पुसला आणि सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवला.

"पप्पा, उद्यापासून पावडर तुम्हीच मोजा. पण मला दाखवून."

"रोज?"

"रोज."

बाळारामांनी मान हलवली. मग म्हणाले, "हेल्मेट काढू का?"

"काढा की. मी कधी घाला म्हटलंय?"

"तूच बोललीस, मी सांगंपर्यंत काढू नका."

"गाडीवर, पप्पा! गाडीवर!"

तेव्हापासून रोज पहाटे त्या दुकानातून एक संवाद ऐकू यायचा. मी दूध आणायला जायचो तेव्हा रस्त्यावरूनही ऐकू यायचा. "कृतिका, बघ. दहा किलोला तीस." "बघितलं." "नीट बघ." "बघितलं, पप्पा!" दीड वर्ष हे एकही दिवस चुकलं नाही. कृतिका तापाने घरी होती तेव्हा त्यांनी काट्याचा फोटो काढून तिला पाठवला. फोटोत काट्यापेक्षा त्यांचा अंगठाच जास्त आला होता. तो फोटो तिने मला दहाव्याच्या दिवशी दाखवला. गेलेली गिऱ्हाइकं सगळी परत आली नाहीत. पण पावडरवाल्या पावाची भट्टी आता दोनदा लागते, आणि बिनपावडरचाही रोज संपतो. दोन्हींची लेबलं मीच लिहितो, पूर्वीपेक्षा कमी वळणदार.

या एप्रिलमध्ये एका रविवारी बाळाराम दुपारी जेवून घरी आडवे झाले आणि उठले नाहीत. याहून जास्त मला माहीत नाही. आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, मी नेहमीसारखा दुकानात गेलो होतो. गर्दी नव्हती. ते काउंटरवर होते, कृतिका मागे भट्टी पुसत होती.

"काय देऊ, बाबाजीभाव?" त्यांनी मला विचारलं.

"एक पाव द्या. पावडरवाला."

"कवा खानार?"

"आत्ताच. आशाने उसळ केलीय."

"मंग त्याला राखनदार कशाला? बिनपावडरचा न्या, ताजा हाय." त्यांनी पाकीट माझ्या पिशवीत टाकलं. "पन उरला तं ओट्यावर ठेवू नका."

"नाही ठेवत," मी म्हणालो.